'परवानगी नाही' एवढं लेखी मागा

मागच्या महिन्यात सभा, मोर्चे आणि पोलीस या विषयावर प्रश्न पाठवा म्हटलं आणि पत्रांचा गठ्ठाच आला. सगळी छापणं शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं-गावं गाळलीत, जिल्हा तेवढा ठेवलाय. माझी बहुतेक नोकरी तालुक्याच्या ठाण्यांत झाली, आधी फौजदार म्हणून आणि शेवटी निरीक्षक म्हणून. सभांचे अर्ज घेतलेत, बंदोबस्त लावलाय, काही अर्जांवर नकारही लिहिलाय. तेव्हा टेबलाच्या त्या बाजूने हे सगळं कसं दिसतं तेही सांगते.

प्रश्न : आमच्या शिवारात खडी क्रशर सुरू झालाय. सुरुंगाने घरांना तडे गेलेत, द्राक्षबागांवर धूळ बसते. मारुतीच्या पारासमोर जाहीर सभा घ्यायची म्हणून ठाण्यात विचारायला गेलो, तर "सदतीस-तीन लागू आहे, परवानगी मिळणार नाही" असं सांगून परत पाठवलं. आता सभा घेतली तर गुन्हा होईल का? (सांगली जिल्हा)

दादा, तुम्ही तोंडी विचारलंत, त्यांनी तोंडी नाही म्हटलं. कागदावर अजून काहीच घडलेलं नाही. उद्या कोर्टात गेलात तर 'असा अर्ज आमच्याकडे आलाच नाही' एवढं एक वाक्य सरकारी वकिलाला पुरतं. म्हणून आधी अर्ज लिहा आणि दोन प्रती घेऊन परत जा. एक ठाणे अंमलदाराकडे द्या, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्या. "साहेब बंदोबस्ताला गेलेत, नंतर या" म्हणाले तरी हलू नका, आवक करायला साहेब लागत नाहीत. अगदीच घेतला नाही तर त्याच दिवशी तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षक आणि उपविभागीय पोलीस अधिकारी यांना पाठवा आणि पावती जपून ठेवा.

आता त्या सदतीस-तीनबद्दल. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, म्हणजे पूर्वीचा मुंबई पोलीस कायदा, त्यातलं हे कलम. पोटकलम एक शस्त्रं, सोटे, दगड, स्फोटकं बाळगण्यावर आणि चिथावणीखोर घोषणांवर बंदी घालण्याचं. पोटकलम तीन जमाव आणि मिरवणुकांवर बंदी घालण्याचं. हा आदेश ठाण्याचे निरीक्षक काढू शकत नाहीत. जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त, एवढ्यांनाच तो अधिकार आहे. आणि राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय तो पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. प्रत्यक्षात काय होतं तुम्हाला माहीत आहे. पेपरच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते, 'जिल्ह्यात मनाई आदेश लागू'. कधी सण, कधी जयंती, कधी परीक्षा, आणि एक पंधरवडा संपतो न संपतो तोच दुसरा आदेश निघतो. आणीबाणीच्या वेळेसाठी दिलेला अधिकार असा वर्षभर वापरात राहतो. मला हे नोकरीत असतानाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही.

पण तो आदेश तुम्ही स्वतः वाचा. जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतो, बहुतेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळावरही टाकलेला असतो. शेवटी एक परिच्छेद असतो, हा आदेश कोणाला लागू नाही ते सांगणारा. त्यात लग्नं असतात, अंत्ययात्रा असतात, सरकारी कामावरची माणसं असतात आणि बऱ्याच आदेशांत 'सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेतलेल्या सभा व मिरवणुका' हेही असतं. म्हणजे आदेश लागू असताना सभेसाठी अर्ज करायचा असतो आणि त्या अर्जाचा विचार ठाण्याने करायचा असतो. आदेशाकडे बोट दाखवून अर्जच न घेणं हे त्याच आदेशाच्या विरुद्ध आहे. तुमच्या जिल्ह्यातल्या आदेशात हा परिच्छेद आहे का, ते आधी बघा. असेल तर अर्जात तो परिच्छेद उतरवून काढा.

परवानगी देणं-न देणं ही पोलिसांची मर्जी आहे असा समज ठाण्यातही आहे आणि गावातही. सर्वोच्च न्यायालयाने तो १९७२ मध्येच मोडीत काढला. अहमदाबादेत एका विद्यार्थी कार्यकर्त्याला रस्त्यावर जाहीर सभा घ्यायची होती, पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. गुजरात मुंबई राज्यातून निघालेला, त्यामुळे कायदा हाच, १९५१ चा. त्याखाली आयुक्तांनी केलेल्या नियमात सभेला पूर्वपरवानगी हवी असं होतं, पण ती कुठल्या कारणाने नाकारता येईल याचा एक शब्द नव्हता. पाच न्यायमूर्तींच्या पीठापुढे हिंमतलाल शाह खटला चालला आणि तो नियम घटनाबाह्य ठरला. रस्त्यावरच्या सभेचं नियमन करता येईल, पण अधिकाऱ्याच्या हातात असा बेलगाम अधिकार देता येणार नाही, असा निकाल आहे. घटनेच्या एकोणिसाव्या कलमात शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. तो तुमच्याकडे आधीच आहे, ठाण्याकडून मिळवायचा नाही.

तुम्हाला जवळचं उदाहरण हवं असेल तर बीड जिल्ह्यातल्या माजलगावचं घ्या. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या काही लोकांना जुन्या ईदगाह मैदानावर नागरिकत्व कायद्याच्या विरोधात धरणं धरायचं होतं. सदतीसचा आदेश दाखवून नाकारलं गेलं. ते औरंगाबाद खंडपीठात गेले. न्या. नलावडे आणि न्या. सेवलीकर यांनी फेब्रुवारीत तो आदेश आणि तो नकार, दोन्ही रद्द केले. एखाद्या कायद्याला विरोध केला म्हणून माणसं देशद्रोही ठरत नाहीत, असं त्यांनी निकालात स्पष्ट म्हटलं आणि या देशाला स्वातंत्र्य अहिंसक आंदोलनांतून मिळालं याची प्रशासनाला आठवण दिली. निकालाची प्रत मिळते. अर्जाला जोडा.

नकार कसा नसावा आणि कसा असावा, तेही सांगते. 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता असल्याने परवानगी नाकारण्यात येत आहे' हे वाक्य प्रत्येक ठाण्याच्या संगणकात तयार असतं, नुसती तारीख बदलायची. त्यात कारण काहीच नसतं. खरं कारण असं असतं, की बुधवारी तुमच्याकडे आठवडा बाजार भरतो, पारासमोर भाजीवाले बसतात, तिथे तीनशे माणसं मावणार नाहीत, तेव्हा गुरुवारी घ्या किंवा शाळेच्या पटांगणावर घ्या. जागा, वेळ, आवाज, वाहतूक, एवढ्यापुरतं बोलणं हे पोलिसांचं कामच आहे.

मी एका तालुक्याला असताना अंगणवाडी सेविकांनी पंचायत समितीवर मोर्चा आणि नंतर सभा असा अर्ज दिला होता. वहीच्या पानावर, निळ्या शाईत, खाली पाच-सहा बायकांच्या सह्या. सभेची जागा त्यांनी लिहिली होती एस.टी. स्टँडच्या फाटकासमोरची. तिथे सभा झाली तर एकही गाडी आत-बाहेर होणार नाही, आणि दुपारी परगावच्या शाळकरी मुलांच्या गाड्या सुटायच्या. माझा हवालदार म्हणाला, मॅडम, नाकारून टाका. मी त्या बायकांना बोलावलं आणि चौघींना घेऊन चालत स्टँडवर गेले. फाटकापासून रसवंतीच्या बाजूला टेम्पो उभा केला तर गाड्या वळतात की नाही, हे एका ड्रायव्हरला गाडी वळवायला लावून पाहिलं. वळली. रस्त्यावर खडूने रेघ मारली आणि टेम्पोचं मागचं चाक या रेघेच्या आत, एवढीच अट परवानगीत लिहिली. सभा झाली, भाषणं सरकारच्या विरोधात कडक झाली, गाड्याही वेळेवर सुटल्या. पोलिसांचा अधिकार म्हणतात तो त्या रेघेपुरता असतो. टेम्पोवरून कोण काय बोलतं ते रेघेच्या पलीकडचं.

अर्जात काय लिहावं? तारीख, सुरू आणि संपण्याची वेळ, नेमकी जागा, अंदाजे किती माणसं, ध्वनिक्षेपक असेल तर त्याचा उल्लेख, गाड्या कुठे लावणार, स्वयंसेवक किती आणि जबाबदार दोघा-तिघांचे फोन नंबर. विषय एका ओळीत. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी असते, तो अर्ज सोबतच द्या. रात्री दहानंतर तो उघड्यावर चालत नाही, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या शंभर मीटरमध्ये जाहीर केलेलं शांतता क्षेत्र असू शकतं. जागा निवडतानाच हे बघा, म्हणजे त्या कारणाने अडणार नाही. भाषणं आधी लिहून द्या किंवा अमुक वक्त्याला बोलावू नका, अशी अट घातली तर मात्र ती मान्य करू नका. ती लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी देत नाहीत.

अर्ज सभेच्या आदल्या दिवशी देऊ नका. आठ-दहा दिवस हातात ठेवा, म्हणजे नकार आला तर उच्च न्यायालयात जायला वेळ राहतो. तुमच्यासाठी आता ते पूर्वीइतकं लांब नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि सांगली जिल्हा त्यात येतो.

आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. हो, आदेश लागू असताना परवानगीशिवाय सभा घेतलीत तर गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणूनच एवढं सगळं लिहिलं.

प्रश्न : आम्ही रस्त्यावर नाही, एका मंगल कार्यालयात बैठक ठेवली होती. भाडं भरलं होतं. आदल्या रात्री मालकाला ठाण्यातून फोन गेला आणि त्यांनी हात जोडून पैसे परत केले. आता कोणीच हॉल देत नाही. (पुणे जिल्हा)

चार भिंतींच्या आत, खासगी जागेत, मालकाच्या संमतीने होणाऱ्या बैठकीला साधारणपणे पोलीस परवानगी लागत नाही. पोलीस माहिती विचारू शकतात. काही भीती वाटत असेल तर आयोजकांना लेखी नोटीस देऊ शकतात. मालकाला फोन करून 'देऊ नका' म्हणणं हा कुठल्याच कलमाखालचा आदेश नाही. मालक बिचारा घाबरतो, त्याला उद्या वरातीच्या डीजेसाठी त्याच ठाण्यात जायचं असतं. त्याच्यावर रागावू नका.

तुम्ही अधीक्षकांना पत्र द्या. अमुक तारखेला, अमुक वाजता आमच्या बैठकीबद्दल कार्यालय मालकास ठाण्यातून फोन गेला असे समजते, असा काही लेखी आदेश असल्यास प्रत मिळावी. मालकाचं नाव त्यात घालू नका. आदेश नसतोच, मग 'असा कोणताही आदेश नाही' असं उत्तर येतं, आणि ते उत्तर पुढच्या मालकाला दाखवायला फार कामाला येतं.

जागा मिळू न देणं ही जुनी चाल आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसरी परिषद भरायची होती, तेव्हा बाबासाहेबांच्या माणसांना मांडव घालायला गावात जागा मिळेना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. त्या वेळी चवदार तळ्यावर जायला कोर्टाची तात्पुरती मनाई होती, ती बाबासाहेबांनी पाळली. परिषद मात्र झालीच. तळ्याचा दावा पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. गावात एखादं घर, एखादा वाडा, एखादं गोडाऊन असतंच. विचारत राहा.

याच पत्रात तुम्ही विचारलंय, की साध्या वेशातला पोलीस येऊन मागे बसला तर काय करायचं. तो गोपनीय शाखेचा. सभा सगळ्यांना खुली असेल तर तोही येऊ शकतो, लिहून घेऊ शकतो. त्याला खुर्ची द्या, चहा द्या. त्याच्या अहवालात 'सभा शांततेत पार पडली' हे वाक्य गेलं तर ते तुमच्याच उपयोगाचं. बैठक निमंत्रितांपुरती असेल तर मात्र बाहेर थांबा असं नम्रपणे सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

प्रश्न : मंत्र्यांचा दौरा होता. मी कांद्याच्या भावासाठी निवेदन देणार म्हणून गटावर लिहिलं होतं. आदल्या दिवशी नोटीस आली, सकाळी सहाला पोलीस घरी आले, ठाण्यात बसवून ठेवलं आणि संध्याकाळी गाड्यांचा ताफा गेल्यावर सोडलं. ही अटक होती का? आई अजून घाबरलेली आहे. (नाशिक जिल्हा)

आधी आईला सांगा, नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून लोक तिला अजून एकशे एकोणपन्नासची नोटीस म्हणतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात ते कलम १६८ झालं. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा, होऊ नये म्हणून पोलिसांनी दिलेली ती ताकीद आहे. तिच्यावर सही करताना 'मिळाली', तारीख आणि वेळ एवढंच लिहा आणि प्रत ठेवून घ्या. वाटलं तर उत्तर द्या, की मी शांततेने निवेदन देणार आहे, माझ्याकडून कोणताही गुन्हा होणार नाही. हे उत्तर पुढे फार उपयोगी पडतं.

दिवसभर बसवून ठेवणं मात्र गंभीर आहे. पोलिसांकडे यासाठी तीन वाटा असतात. संहितेचं कलम १७०, म्हणजे जुनं एकशे एक्कावन्न. त्यात तुम्ही दखलपात्र गुन्हा करण्याच्या बेतात आहात हे पोलिसांना माहीत असावं लागतं आणि दुसऱ्या कुठल्याच मार्गाने तो टाळता येणार नाही असं दिसावं लागतं. निवेदन देणं हा गुन्हाच नाही. दुसरी वाट नव्या संहितेतल्या कलम १७२ ची आणि तिसरी पोलीस अधिनियमाच्या कलम ६९ ची. दोन्हींत पोलिसांची कायदेशीर सूचना तुम्ही धुडकावली असेल तर तुम्हाला हटवता येतं आणि किरकोळ बाब असेल तर प्रसंग टळल्यावर सोडून देता येतं. तुमच्या बाबतीत सूचना कुठली होती आणि ती तुम्ही कधी मोडलीत? झोपेतून उठवून नेलेल्या माणसाने काय मोडलं होतं? हाच प्रश्न लेखी विचारा. कुठल्या कलमाखाली नेलं, स्टेशन डायरीत किती वाजता नोंद झाली, किती वाजता सोडल्याची नोंद आहे. माहिती अधिकारातही मागता येईल.

परत असं झालं तर दारातच विचारा, "कुठल्या कलमाखाली?" आवाज चढवू नका, झटापट तर अजिबात नको, नाहीतर सरकारी कामात अडथळ्याचं वेगळं कलम लागतं. घरातल्या एकाला सोबत यायला सांगा. कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं, वकिलाला भेटू देणं आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणं, हे सगळं बंधनकारक आहे. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची तर अपवादात्मक कारण, दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि महिला अधिकारी लागते.

'विचारून काय होणार' असं म्हणू नका. नोव्हेंबर १९६८ मध्ये आपल्या पुण्याचे मधू लिमये, तेव्हा बिहारमधले खासदार, यांना लखीसराय स्टेशनवर जमावबंदी मोडली म्हणून धरलं. अटकेचं कारण कळवलं नाही आणि कोठडीचे हुकूम ठोकळ्यासारखे निघत राहिले. त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली, स्वतः बाजू मांडली आणि डिसेंबरात न्यायालयाने त्यांना सोडलं. घटनेच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे कारण सांगितलेलं नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. तोच मुद्दा आजही तुमच्या हातात आहे.

प्रश्न : ग्रामसभेत मी निधीचा हिशेब विचारला तर सरपंचांनी पोलीस बोलावले. (परभणी जिल्हा)

ग्रामसभा ही ग्रामपंचायत कायद्याने बोलावलेली सभा आहे, तिला पोलीस परवानगी लागत नाही. गावचा मतदार म्हणून हिशेब विचारणं हे तुमचं तिथलं कामच आहे. पोलिसांचा संबंध मारामारी, दंगा एवढ्यापुरता. प्रश्न विचारला म्हणून कोणाला बाहेर काढणं त्यांच्या कामात बसत नाही. तुमचा प्रश्न इतिवृत्तात लिहिला गेला का, ते बघा. नसेल तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.

प्रश्न : सभेत पोलीस काय करतात याचं मोबाइलवर चित्रीकरण केलं तर चालतं का? (नागपूर)

चालतं. मध्ये येऊ नका, अडथळा करू नका. ठाण्याच्या आतल्या चित्रीकरणावरून सरकारी गुपितांच्या कायद्याखाली दाखल झालेला एक गुन्हा तुमच्याच नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये रद्द केला. पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, असं त्यात म्हटलंय. चित्रीकरण केल्यावर ते लगेच दुसऱ्याच्या फोनवर पाठवून ठेवा.

प्रश्न : तुम्ही नेहमी आंदोलकांच्या बाजूने लिहिता. माझं दुकान चौकात आहे. दर आठ दिवसाला रास्ता रोको. गिऱ्हाईक जातं, रुग्णवाहिका अडकते. आम्हाला हक्क नाहीत का? (सोलापूर)

आहेत. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण ते खरं आहे. दिल्लीतल्या शाहीनबागच्या धरण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये हेच म्हटलं, की निषेधाचा हक्क आहे, पण सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही. मुंबईत मोर्चे आझाद मैदानापाशी थांबतात तेही याच कारणाने. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्या आंदोलकाच्या बाजूने मी कधीच लिहिणार नाही.

पण आंदोलनाला गावाबाहेरचं मैदान दिलं आणि तिथे ऐकायला कुत्रंसुद्धा नसलं, तर लोक पुन्हा तुमच्या चौकातच येणार. ज्या शहरात प्रशासन बाजाराजवळची एखादी मोकळी जागा सभांना ठरवून देतं, निवेदन घ्यायला अधिकारी वेळेवर खाली येतात, तिथे रास्ता रोको कमी होतात, हे मी बंदोबस्तात उभं राहून पाहिलंय. तहसीलदार दहा मिनिटांत खाली आले की रस्ता मोकळा होतो. दोन तास येत नाहीत तेव्हा टायर पेटतात. तुमच्या व्यापारी मंडळाने अशा जागेची मागणी महापालिकेकडे करावी. आंदोलकांची आणि तुमची ती एकच मागणी आहे.

प्रश्न : माझे यजमान पोलीस शिपाई आहेत. मोर्चाच्या बंदोबस्ताला पहाटे जातात, रात्री कधी येतील सांगता येत नाही. मागच्या वर्षी दगड लागून कपाळाला टाके पडले. सगळ्यांच्या हक्कांचं लिहिता, त्यांच्याबद्दल कधी लिहिणार? (जालना जिल्हा)

ताई, आज लिहिते. दगड उचलला गेला की ती सभा घटनेने राखलेली सभा उरत नाही. हक्क शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा आहे. दगड मारणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे. ज्याने मारला त्याच्यावर, शेजारी उभ्या असलेल्या शंभर जणांवर नव्हे.

बळ वापरण्याचा निर्णय शिपायाचा नसतो, हेही लोकांना माहीत असावं. जमावाला पांगायचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचे प्रभारी देतात, ते नसतील तर निदान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. संहितेच्या कलम १४८ मध्ये ते आहे. भोंग्यावरून हुकूम सगळ्यांना ऐकू जाईल असा द्यायचा, पांगायला वाट आणि वेळ द्यायचा, तरीही हलले नाहीत तर लागेल तेवढंच बळ. २०११ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर मध्यरात्री झोपलेल्या लोकांवर कारवाई झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना धारेवर धरलं आणि आयोजकांच्याही वाट्याला दोष दिला. साहेबांनी वाट न देता हुकूम दिला तर दगड आणि शिव्या पहिल्या फळीतल्या शिपायाला खाव्या लागतात. तुमच्या यजमानांची सुरक्षितता हुकूम देणाऱ्याच्या शहाणपणावर अवलंबून आहे. ते शहाणपण मागणारे आंदोलक त्यांचे शत्रू नाहीत.

आणि दुसरी गोष्ट, जी फार कमी लिहिली जाते. जो शिपाई दुसऱ्यांच्या सभेला बंदोबस्त देतो त्याला स्वतःला तो हक्क जवळजवळ नाही. घटनेच्या तेहतिसाव्या कलमाने संसदेला तशी मुभा दिली आणि १९६६ चा पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा आला. मंजुरीशिवाय कामगार संघटना करता येत नाही, राजकीय हेतूच्या सभेत किंवा निदर्शनात भाग घेता येत नाही. मुंबईत ऑगस्ट १९८२ मध्ये शिपायांनी काळ्या फिती लावल्या, पाठोपाठ उद्रेक झाला, लष्कर बोलवावं लागलं आणि त्यांची संघटना गेली. त्यानंतर ड्युटीचे तास, वसाहतीतली गळकी घरं, हक्काची सुट्टी यावर बोलायला शिपायाला दरबारात, म्हणजे साहेब तक्रारी ऐकतात त्या बैठकीत, उभं राहून साहेबांपुढे सांगणं एवढंच उरलं, आणि दरबारात कोण किती बोलतं ते तुम्हाला यजमानांनी सांगितलंच असेल.

हा निर्बंध पोलिसांवर आहे, त्यांच्या घरच्यांवर नाही. तुम्ही आणि वसाहतीतल्या बाकीच्या बायका सभा घेऊ शकता. ड्युटीचे तास ठरावीक करा, बंदोबस्ताच्या जागी पाणी आणि महिला पोलिसांसाठी फिरतं शौचालय द्या, वसाहतीची दुरुस्ती करा, एवढ्या मागण्या घेऊन अधीक्षकांना निवेदन द्या. कामावर जाऊ नका असं आवाहन मात्र कुठेही, गटावरसुद्धा लिहू नका, त्याला वेगळा कायदा लागतो आणि त्यात यजमानांची नोकरीही अडचणीत येईल. सह्या फक्त तुमच्या घ्या, त्यांच्या नकोत. सभा वसाहतीच्या समाजमंदिरात घेणार असाल तर जागेसाठी पत्र द्या आणि त्याचीही पोच घ्या. नकार आला तर तो कागद मला पाठवा, पुढच्या अंकात त्यावर लिहीन.